लक्ष्मीबाई टिळक : दुरावलेले घर पुन्हा जुळले तेव्हा

चांदूर रेल्वेहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पुढे राजनांदगावला पोहोचतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने पवित्र शास्त्रातील नवा करार भेट दिला. त्या प्रवासाने एका मराठी कुटुंबाचे सारे जीवन बदलून गेले. त्या कुटुंबाची गृहिणी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे अतिशय कडक होते. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पती बुद्धिमान, उदार, परंतु शीघ्रकोपी. न सांगता घर सोडून जाणारे. संसारात पैसा टिकत नसे. तरीही दोघांचा एकमेकांवर विलक्षण जीव होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरात लहानगा दत्तू, समाजाची निंदा आणि पतीचा वियोग! नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपूरला, त्यांनी दिवस काढले. चार-पाच वर्षे हा दुरावा टिकला. परंतु नाते तुटले नाही. टिळक पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

अखेरीस लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते आणि टिळकांनीही धर्मांतराची सक्ती केली नाही. एकाच संसारात दोन श्रद्धा नांदू लागल्या. विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत राहण्यास राजी असेल तर तिला सोडू नये, हा संत पौलाने करिंथकरांस दिलेला सल्ला येथे प्रत्यक्ष जगला गेला. हळूहळू लक्ष्मीबाईंना उमगले की जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला आहे. १९०० साली त्यांनी स्वतःच्या अंतःकरणाच्या साक्षीने बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्यांचे घर अनेकांचे घर झाले. अनाथ मुलांना तेथे मायेची ऊब मिळाली. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, शाळेची पायरीही न चढलेल्या या पत्नीने पूर्ण केले. पतीच्या आग्रहामुळेच त्या लिहावाचावयास शिकल्या होत्या. १९३३ साली नागपूर येथील मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी पतीचे दोष लपविले नाहीत. मात्र कडवटपणाही ठेवला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूघरी गेल्या.

टिळक दांपत्य कॅथोलिक नव्हते. ते प्रोटेस्टंट मंडळीचे होते. तथापि त्यांचे जीवन आपल्याही श्रद्धेला उजाळा देते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हणून गौरविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक प्रेषितीय पत्रात संत पौलाच्या प्रीतिस्तोत्रावर मनन करताना सहनशीलतेला पहिले स्थान दिले. सहनशीलता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे, तर समोरची व्यक्ती आपल्यासारखी नसली तरी तिला आपले मानणे होय.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या चांदूर रेल्वेतून, वऱ्हाडातील गावागावांतून कितीतरी जण रोजगारासाठी दूरच्या शहरी जातात. कुठे अंतराने, कुठे अबोल्याने, तर कुठे श्रद्धेतील भिन्नतेने घरे दुरावतात. अशा वेळी आपण सक्ती न करता वाट पाहतो का? पत्राची जागा आता फोनने घेतली आहे. परंतु पहिला शब्द कुणीतरी बोलावाच लागतो. आज सायंप्रार्थनेला बसण्यापूर्वी, ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्या आपल्या माणसाशी तो पहिला शब्द आपण बोलू या.