कर्नल लुईस

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, न्यू सेलम या गावी १२ ऑक्टोबर १८५८ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव आयझॅक न्यूटन लुईस असे ठेवण्यात आले. थोर शास्त्रज्ञाचे हे नाव त्याने पुढे निराळ्या रीतीने सार्थ केले. १८८४ साली वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयातून उत्तीर्ण होऊन तो तोफखान्यात दाखल झाला. समुद्रावरील शत्रूच्या जहाजाचे अंतर मोजणारे यंत्र तयार करून त्याने आपल्या बुद्धीची चुणूक दाखविली.

त्या काळच्या बहुतेक मशीनगन अवजड असत. नळी निववण्यासाठी पाणी, खाली भक्कम तिवई आणि हा सारा संभार वाहण्यास पाच-सहा माणसे! धावून जाणाऱ्या शिपायाला अशा बंदुकीचा काय उपयोग? सॅम्युएल मॅक्लीन याने हलक्या बंदुकीचा एक आराखडा केला होता. लुईसने तो सुधारून १९११ साली सिद्धीस नेला. ही बंदूक सुमारे २८ पौंडांची, म्हणजे जवळजवळ १३ किलोग्रॅमची होती. बार उडताच निर्माण होणारा वायूच पुढचे काडतूस भरण्याचे काम करी. तिच्या माथ्यावरील तव्यासारख्या वाटोळ्या चकतीत ४७ काडतुसे मावत. नळी वाऱ्यानेच निवे. जून १९१२ मध्ये विमानातूनही तिच्या गोळ्या झाडून पाहण्यात आल्या. तरीसुद्धा स्वदेशाच्या सैन्याने ती नाकारली.

लुईस खचला नाही. १९१३ साली सेवानिवृत्त होऊन तो बेल्जियमला गेला. पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्याच्या बंदुका तयार होऊ लागल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश पायदळाच्या एका पलटणीला आरंभी अशा ४ बंदुका मिळत. १९१८ पर्यंत ही संख्या ३६ झाली. खंदकातील चिखलमातीने ती अडे, हा तिचा दोष होता. परंतु शिपाई तिला घेऊन पुढे धावू शके, हा गुण त्याहून मोठा ठरला.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली आणि नाकारलेली तीच बंदूक तिला विकत घ्यावी लागली. आता भरपूर धन मिळविण्याची संधी लुईसपुढे होती. त्याने मात्र स्वदेशाने घेतलेल्या बंदुकांवरील आपल्या हक्काचा पैसा सरकारला परत केला. अधिकाऱ्यांवरील राग त्याने देशावर काढला नाही.

९ नोव्हेंबर १९३१ रोजी लुईस निवर्तला. त्याच्या बंदुकीने अनेकांचे रक्षण केले आणि अनेकांचे प्राणही घेतले. शस्त्राची कीर्ती अशी दुधारी असते. त्याच्या त्यागाला मात्र ही दुसरी धार नाही.