फोनमधला हर्ट्झ माहीत आहे, हृदयातला हर्ट्झ माहीत आहे का?

नवा फोन घेताना आपण डिस्प्ले 120 हर्ट्झचा आहे ना, हे आधी बघतो. तो हर्ट्झ म्हणजे हाइनरिश हर्ट्झ, रेडिओ लहरी प्रयोगाने सिद्ध करणारा. मी आज सांगणार आहे त्याच घरातल्या दुसऱ्या हर्ट्झबद्दल.

हा हर्ट्झ मला सापडला तो एका मित्राच्या रिपोर्टमुळे. व्हायरल तापानंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांना मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची शंका आली. त्यांनी टू-डी इको करायला सांगितला. रिपोर्टमध्ये आलं, ईएफ 40 टक्के. हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला त्याच्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण 55 ते 70 असतो. आम्ही दोघं रात्रभर गुगल करत बसलो, आणि मी शोधत शोधत स्वीडनमधल्या लुंड शहरात पोहोचलो.

हेलमुट हर्ट्झचा जन्म 1920 सालचा, बर्लिनमधला. वडील गुस्ताव हर्ट्झ, 1925 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे आणि हाइनरिशचे पुतणे. घरातच एवढी मोठी नावं, पण हेलमुटच्या वाट्याला आधी आलं युद्ध. जर्मन सैन्यातून लढताना तो उत्तर आफ्रिकेत पकडला गेला आणि अमेरिकेत युद्धकैदी म्हणून राहिला. सुटल्यावर तो लुंड विद्यापीठात आला.

तिथे डॉ. इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ एका प्रश्नाने हैराण झाले होते. ऱ्हुमॅटिक फीवरमध्ये हृदयाच्या झडपांना सूज येते. सूज उतरताना मायट्रल झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि वाट अरुंद होते. सर्जन ती वाट मोकळी करू शकत होते. पण काहींची झडप अरुंद नसून गळकी असायची. तिच्यावर तेच ऑपरेशन केलं तर गळती आणखी वाढणार, पेशंटचा जीव धोक्यात. आतमध्ये नक्की काय आहे, हे छाती उघडण्याआधी खात्रीने कळत नव्हतं.

एडलर यांनी विचारलं, रडार वापरता येईल का? हर्ट्झने डोकं लावलं. रेडिओ लहरींचं शरीरात जमणार नाही, पण आवाजाचं जमेल. माल्मोच्या कोकम्स जहाज कारखान्यात अल्ट्रासाऊंडने धातूतल्या भेगा शोधायचं मशीन होतं. 1953 मध्ये त्याने ते वीकेंडपुरतं मागून आणलं आणि प्रोब स्वतःच्याच छातीला लावला. स्क्रीनवर एक खूण ठोक्याबरोबर मागेपुढे हलत होती.

आता थोडं गणित. समजा ती खूण 9 सेंटीमीटर खोलीवरची आहे. आवाज जाऊन-येऊन 18 सेंटीमीटर चालतो. शरीरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर. म्हणजे प्रतिध्वनी साधारण 117 मायक्रोसेकंदांत परत. वेळ मोजा, अंतर मिळेल. आजचं भारी इको मशीनही मुळात हेच करतं, फक्त एका रेषेऐवजी शेकडो रेषा जोडून चित्र बनवतं. हर्ट्झकडे एकच रेषा होती.

पुढे सीमेन्स कंपनीने मशीन उसनं दिलं. 29 ऑक्टोबर 1953 ला या दोघांनी हृदयाची हालचाल फिल्मवर टिपली. पण मला सगळ्यात आवडलेला भाग यानंतरचा आहे. त्यांना जो सगळ्यात ठळक प्रतिध्वनी दिसत होता, तो डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीचा आहे असं आधी वाटलं. नंतर मृत्यूनंतरच्या तपासणीतून शहानिशा केल्यावर कळलं की ती मायट्रल झडपेची पुढची पाकळी आहे. डेटा बरोबर, लेबल चुकीचं! आमच्या कामात असा बग सापडायला महिने जातात. लेबल सुधारल्यावर आलेखाला अर्थ आला. अरुंद झडपेची पाकळी सावकाश मिटते, म्हणून रेषेचा उतार कमी. सुजेमुळे हृदयाभोवती साठलेलं पाणीही पुढे याच तंत्राने दिसू लागलं.

हर्ट्झ पुढे लुंडच्या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाला. इंकजेट प्रिंटिंगमध्येही त्याचं मोठं काम आहे, म्हणजे कलर प्रिंटआऊट बघतानाही त्याची आठवण काढायला हरकत नाही. 1977 मध्ये एडलर आणि हर्ट्झ यांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र नाही, आणि हे मला अजून पटलेलं नाही. 1990 मध्ये हर्ट्झ वारला, लुंडमध्येच.

मित्राच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की मायोकार्डायटिसमध्ये नुसता ईएफ बघून भागत नाही. भिंत जाड झालीय का, तिचा एखादा भाग कमी हलतोय का, बाहेर पाणी आहे का, हेही बघतात. आणि सुरुवातीला इको नॉर्मल आला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. कधी एमआरआयही लागतो. त्याचा एमआरआय झाला, निदान पक्कं झालं. जिम आणि क्रिकेट काही महिने बंद.

परवा त्याचा पुन्हा इको झाला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ईएफ 57.