हरणाऱ्या संघाचा कप्तान

सातारा जिल्ह्यात खेळाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं खाशाबा जाधवांचं, आणि ते बरोबरच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने २३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मेडल जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण मित्रांनो, त्याच जुलै महिन्यात आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेला दुसरा एक माणूस इंग्लंडमध्ये भारताचा कप्तान होता आणि हरत होता. त्यांचं नाव विजय सॅम्युअल हजारे. जिंकणाऱ्याची गोष्ट आपल्याला पाठ असते. मला आज हरणाऱ्याची सांगायचीय.

कारण साधं आहे. यंदा मी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये डिफेन्सला होतो आणि आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. शेवटी शेवटी तर प्रॅक्टिसला अकरा पोरंसुद्धा जमेनात. सबमिशन, व्हायवा, पाय दुखतोय... कारणं भरपूर! टीम हरणारच असेल तर आपण एकट्याने जीव तोडून कशाला खेळायचं, हा प्रश्न मलाही पडायचा. त्याच दिवसांत हजारेंबद्दल वाचायला मिळालं.

हजारेंचा जन्म ११ मार्च १९१५ चा. वडील शिक्षक, कुटुंब मराठी ख्रिश्चन. स्वभाव शांत, बोलणं कमी. १९३९-४० च्या रणजी मोसमात त्यांनी पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले आणि तिथलेच झाले.

त्या काळी मुंबईत धर्मावर आधारलेली पंचरंगी स्पर्धा व्हायची. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा एक संघ, त्याला 'रेस्ट' म्हणायचे. हजारे ख्रिश्चन, म्हणून उरलेल्यांत. १९४३ च्या फायनलला हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात रेस्टने ३८७ केल्या. त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० ची भागी केली, त्यात विवेक यांच्या धावा फक्त २१. एवढं करूनही संघ एक डाव ६१ धावांनी हरला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला हेच पुन्हा घडलं. समोर ब्रॅडमनची ऑस्ट्रेलिया, ६७४ धावा. हजारेंनी पहिल्या डावात ११६ केल्या आणि फॉलोऑननंतर १४५. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावात आपले पाच जण शून्यावर बाद झाले होते. भारत एक डाव १६ धावांनी हरला.

१९५१-५२ ला इंग्लंडचा संघ इथे आला तेव्हा कप्तानपद हजारेंकडे होतं. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिलीवहिली कसोटी जिंकली. सगळीकडे आनंदीआनंद. आणि चारच महिन्यांनी लीड्स! दुसऱ्या डावात अवघ्या चौदा चेंडूंत भारत ४ बाद ०... म्हणजे चार गेले आणि बोर्डावर शून्य. तिथून कप्तानाने ५६ काढल्या, कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी ६४, आणि निदान १६५ पर्यंत मजल गेली. सामना गेलाच. लॉर्ड्सही गेलं. १९ जुलैला मँचेस्टरला तर भारत एकाच दिवसात दोनदा ऑल आऊट झाला, ५८ आणि ८२. शेवटची ओव्हल कसोटी पावसाने वाचवली. तिथेही ६ धावांत पाच गेले होते, आणि ९८ मधल्या सर्वाधिक ३८ हजारेंच्या. (त्याच जुलैच्या १५ तारखेला आपली फुटबॉल टीम हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० ने हरली होती. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!)

दौऱ्यानंतर पाकिस्तानविरुद्ध कप्तानपद लाला अमरनाथांकडे गेलं. हजारे रुसून बसले नाहीत. साधा खेळाडू म्हणून मुंबईत नाबाद १४६ केल्या आणि भारत दहा विकेटनी जिंकला. कारकिर्दीत ३० कसोटी, २१९२ धावा, सात शतकं. त्या सातांपैकी जिंकलेल्या सामन्यातलं शतक हे एवढंच. कप्तान म्हणून १४ कसोटींत विजय एक, पराभव पाच.

१९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ ला बडोद्यात ते वारले, तेव्हा वय ८९ होतं. आज देशातली वन-डे स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. टीव्हीवर ते नाव आपण रोज ऐकतो, पण सांगलीचे हजारे ते हेच, हे आमच्या होस्टेलवर अर्ध्या पोरांना ठाऊक नव्हतं.

बाकीचे दहा जण काय करतात यावर हजारेंनी आपला खेळ कधी बेतला नाही. मला यातून एवढंच कळलं. तेव्हा पोरांनो, टीमचं पुढच्या वर्षी जे व्हायचं ते होऊ दे. प्रॅक्टिस सकाळी साडेसहाला आहे. फर्स्ट इयरवाल्यांनीही यावं. शूज नसले तरी चालतील.