सवाई गुजराती काकासाहेब

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत एक काळजी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुले गुजरातीत बोलतात, बाजारहाट गुजरातीत होतो, आमच्यासारखे राज्य सरकारचे नोकर दिवसभर फायलींवर गुजरातीतच टिपणे लिहितात. मग आपल्या मराठीचे पुढे काय? काकासाहेब कालेलकरांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सापडते.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे सावंतवाडीकडचे. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. बालपणीच कारवार-बेळगावकडची कोकणी-कानडी कानांवर पडली, पण शिक्षण आणि संस्कार मराठीत झाले. १९०७ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे बेळगावला शिक्षकी केली, मुंबईत ‘राष्ट्रमत’ दैनिकात काम केले आणि १९१० साली ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात आले. या राष्ट्रीय शाळेत शिक्षकांना घरच्यासारखी नावे असत. कोणी मामा, कोणी अण्णा. कालेलकर झाले काका. ते नाव जन्मभर टिकले. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते.

इंग्रज सरकारच्या रोषामुळे शाळा लवकरच बंद पडली. काकासाहेब पायी हिमालयात हिंडले. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि पुढे ते साबरमती आश्रमात दाखल झाले. तिशी ओलांडल्यावर आश्रमाच्या शाळेत शिकवायचे ते गुजरातीत, लिहायचे तेही गुजरातीत. हिमालयाच्या आठवणी त्यांनी आधी गुजरातीत लिहिल्या. मराठी वाचकाला त्या नंतर मिळाल्या. ‘स्मरणयात्रा’ हे बालपणाचे पुस्तकही गुजरातीतच आले. जे बालपण मराठी घरात गेले, आईशी बोलणे ज्या भाषेत झाले, त्याची आठवण दुसऱ्या भाषेत सांगायची, ही गोष्ट साधी नाही.

गुजराती शुद्धलेखनात त्या काळी एकवाक्यता नव्हती. ती आणण्याच्या कामात गांधीजींनी या मराठी माणसाला पुढे केले, आणि १९२९ साली गुजरात विद्यापीठाचा ‘जोडणीकोश’ प्रसिद्ध झाला. गांधीजी त्यांना कौतुकाने सवाई गुजराती म्हणत. पुढे १९५९ साली ते गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्ष झाले. १९६५ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती पुस्तकासाठी.

मग त्यांची मराठी गेली का? नाही. सत्याग्रहाच्या काळात बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात असताना मनात जे साठले, ते ‘हिंडलग्याचा प्रसाद’ म्हणून १९३४ साली मराठीत आले. नद्यांवरची ‘लोकमाता’ गुजरातीत आहे आणि मराठीतही. सणांवर गुजरातीत ‘जीवता तहेवारो’, तर मराठीत ‘जिवंत व्रतोत्सव’. हिंदीचा प्रचार करीत ते देशभर फिरले, १९५२ ते १९६४ राज्यसभेत होते, १९६४ साली पद्मविभूषण झाले. तरी मराठी हातची सुटली नाही.

मोठेपणी दुसरी भाषा शिकताना आपली भाषा नव्याने तपासली जाते, असे आम्हांला वाटते. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, आणि मराठीत नवरा म्हणजे कोण ते सांगायला नको! असा शब्द समोर आला की दोन्ही भाषांचे कान उघडतात. काही वळणे मिसळतात हेही खरे. ‘फावल्या वेळात’ यासारख्या प्रयोगांत वापरले जाणारे फावणे आपल्या घरांत गुजरातीच्या संगतीने ‘मला नाही फावणार’ असे ऐसपैस झाले आहे. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू द्यावे. शब्द मराठीच आहे, त्याला अंगण मोठे मिळाले. काकासाहेबांच्या गुजरातीतही संस्कृत वळणाचे शब्द पुष्कळ आले, आणि गुजरातीने ते आनंदाने ठेवून घेतले.

आपली भाषा जाते ती दुसरी शिकल्याने नव्हे, आपली न वापरल्याने. मुलगा घरात मराठी बोलतो पण देवनागरीतले मराठी पुस्तक हातात धरत नाही, तिथे खरी गळती आहे. काकासाहेबांनी दोन्ही भाषांत लिहीत राहून ती होऊ दिली नाही.

२१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. या गणेशोत्सवात आपल्या सभासदांना आमची एवढीच विनंती, की ‘लोकमाता’ची मराठी आणि गुजराती अशी दोन्ही पुस्तके मिळवावीत आणि मुलांबरोबर एकेका नदीचे पान दोन्हींतून मोठ्याने वाचावे. आपल्या मुलांना दोन्ही भाषा येतात. त्यांना ते सहज जमेल.