जुहूच्या मैदानावरची टपाल-विमानं

चँडलरमध्ये आम्हा तीन-चार विमानवेड्यांचं एक टोळकं आहे. शनिवारी सकाळी चहाला जमायचं आणि कुठली विमान कंपनी कुठल्या गावाला का जाते, कुठून का पळ काढते, यावर तासन् तास वाद घालायचा. बायका-मुलांना यात काडीचाही रस नाही, हे ओघानं आलंच! पण आमच्या गावाचाही थोडा दोष आहे. इथे स्टेलर एअरपार्कसारखी वस्ती आहे, जिथे घराशेजारी मोटारीऐवजी विमान उभं असतं. जवळच्या गेटवे विमानतळावरून अलीजियंट आठवड्यातून दोन-तीनदाच लहान लहान गावांना जाते. अमेरिका वेस्ट १९८३ साली इथल्याच टेंपीच्या माणसांनी सुरू केली. आणि मेसा एअरलाइन्स न्यू मेक्सिकोत जन्मून फिनिक्सला आली, वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं नाव आणि रंग लावून प्रवासी वाहत राहिली.

अशाच एका वादात कुणीतरी ठासून सांगितलं की कमी खर्चाची, छोट्या मार्गांची विमानसेवा ही अमेरिकेची देणगी. आपल्याकडे एअर इंडिया म्हणजे महाराजा, थाटमाट आणि सरकारी खर्च. मला ते पटलं नाही. कारण ज्या माणसानं एअर इंडिया उभी केली, त्याची सुरुवात थाटाची नव्हतीच. जे.आर.डी. टाटांचं चरित्र आपल्याला पोलाद, मोटारी आणि भारतरत्न एवढ्यापुरतंच माहीत असतं. मला इथे सांगायचं आहे ते एका छोट्या विमान कंपनीच्या मालकाबद्दल.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसचा. आई सुझान फ्रेंच, वडील पारशी, आणि बाळाची पहिली भाषा फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी कुटुंब सुट्टीला जायचं. शेजारी कोण, तर इंग्लिश खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ! अशा शेजारात वाढलेल्या मुलाला विमानाचं वेड लागलं नसतं तरच नवल. पंधराव्या वर्षी त्यांनी पहिली विमानफेरी केली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हायचं होतं, ते राहून गेलं. वडिलांनी कंपनीच्या कामाला बोलावून घेतलं आणि १९२६ मध्ये वडीलही गेले. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर मात्र त्यांनी वेळ दवडला नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हातात पडला. क्रमांक १.

आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. जे.आर.डी. कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून उलट दिशेनं. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तर अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला. जे.आर.डी.नी आपल्याकडचा जादा प्लग देऊन टाकला. बक्षीस अ‍ॅस्पीला मिळालं! हाच अ‍ॅस्पी पुढे १९६० साली भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

पण शर्यत जिंकणं वेगळं आणि रोज ठरल्या वेळी विमान सोडणं वेगळं. हा दुसरा धडा त्यांना नेव्हिल विंटसेंट या माजी ब्रिटिश हवाई दलातल्या वैमानिकामुळे मिळाला. इंपीरियल एअरवेजचं विमान १९२९ पासून लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणत होतं. विंटसेंटची कल्पना अशी की कराचीला उतरलेलं टपाल आपण अहमदाबाद, मुंबईमार्गे मद्रासला न्यायचं. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या कंपनीला जोडलेली प्रादेशिक सेवा. आपली मेसा आयुष्यभर करत आली तेच. टाटा सन्सचे प्रमुख सर दोराबजी फारसे उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन या वरिष्ठ सहकाऱ्यानं शब्द टाकला, म्हणून सुमारे दोन लाख रुपये मिळाले. सरकारनंही प्रस्ताव दोन-तीन वर्षं भिजत ठेवला. अनुदान मिळणार नाही हे दिसल्यावर टाटांनी अनुदानाची मागणीच सोडली. नेऊ तेवढ्या टपालाचे पैसे द्या, बाकी आमचं आम्ही बघू, असा तो १९३२ चा करार.

इथे अमेरिकेची आठवण येते. १९२५ च्या केली कायद्यानं इथे खासगी कंपन्यांना हवाई टपालाचे ठेके मिळाले आणि त्या सरकारी पैशावर आजच्या बड्या कंपन्यांचे पूर्वज पोसले गेले. जुहूला तसला आधार नव्हता.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जे.आर.डी. स्वतः एका इंजिनाचं पुस मॉथ घेऊन निघाले. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. आपण आय-टेनवरून टुसॉनला जाताना याहून फार कमी वेगानं जात नाही. रेडिओ नाही, जमिनीवरून मार्गदर्शन नाही, खिडकीतून खाली बघत जायचं. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आलं. दुपारी विमान जुहूला उतरलं आणि पुढे बेल्लारीमार्गे मद्रासची जबाबदारी विंटसेंटनं घेतली.

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतचं मैदान. ताडाच्या झावळ्यांचं छप्पर असलेली शेड, दोन विमानं, मोजके वैमानिक, मोजके मेकॅनिक. पावसाळ्यात भरतीला पाणी थेट धावपट्टीवर! मग काय, सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. पुणेकर वाचकांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही (नाहीतरी तो आपण बाळगतोच).

पहिल्या वर्षाचा हिशेब बघा. एक लाख साठ हजार मैल उड्डाण, १५५ प्रवासी, सुमारे दहा टन टपाल आणि साठ हजार रुपये नफा. वेळापत्रक असं पाळलं की सरकारी विमान खात्याच्या अहवालानं त्याची वाखाणणी केली. लहान विमान, थोडी माणसं, वैमानिकानं वैमानिकाचंच काम करायचं असा तोरा नाही, आणि विमान जमिनीवर उभं राहिलं की पैसे बुडाले ही जाणीव. साउथवेस्टचं कौतुक करताना आमचं टोळकं नेमकं हेच बोलतं. १९३५ मध्ये मुंबई-गोवा-कन्नूर-त्रिवेंद्रम मार्ग सुरू झाला, १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्ली. १९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, जे.आर.डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, तरी जीव विमानातच. विंटसेंट मात्र १९४२ मध्ये युद्धकाळात विमानप्रवासातच बेपत्ता झाला. जे.आर.डी.ना मिळालेलं श्रेय त्याच्या वाट्याला कधी आलं नाही, याची मला हळहळ वाटते.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. ती कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच वेळी देशात काय चाललं होतं. युद्ध संपलं, लष्कराची डाकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली, आणि सरकारनं विमान कंपन्यांचे परवाने सढळ हातानं वाटले. प्रवासी मूठभर, कंपन्या डझनभर! एवढ्यांना पोटापुरतं मिळणार नाही, सगळे मिळून बुडतील, असं जे.आर.डी. कंठशोष करून सांगत राहिले.

याच काळात रात्रीच्या टपालसेवेवरून त्यांचं मंत्री रफी अहमद किडवाई यांच्याशी वाजलं. १९४९ च्या जानेवारीत ही सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल करून परत फिरायची. रात्रीच्या उड्डाणांसाठी पुरेशी साधनं नाहीत आणि देऊ केलेल्या दरात परवडणार नाही, असं जे.आर.डी.चं म्हणणं. सेवा मात्र दुसऱ्यांनी चालवली आणि ती अनेक वर्षं टिकली. मला विचाराल तर इथे किडवाईंची नजर लांबची होती. फेडेक्सनं मेंफिसला हाच खेळ १९७३ मध्ये मांडला. आमच्या सोनेगावला तो चोवीस वर्षं आधी चालला होता. जे.आर.डी. चुकत नव्हते असं नाही, पण त्यांचा विरोध हिशेबाच्या वहीतून यायचा, अहंकारातून नाही.

परवान्यांबद्दल मात्र ते शंभर टक्के खरे ठरले. कंपन्या डबघाईला आल्या आणि सरकारनं उपाय काढला तो राष्ट्रीयीकरणाचा. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी सेवेची वेगळी एअर इंडिया. निर्णय आधी झाला, सल्ला नंतर विचारला. नेहरूंशी मैत्री असूनही जे.आर.डी.ना हे फार लागलं. तरी त्यांनी एअर इंडियाचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि पंचवीस वर्षं विनावेतन सांभाळलं. प्रवासात वही काढून चहाची चव, पडद्यांचा रंग, स्वच्छतागृहाची अवस्था टिपायचे आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या पाठवायचे.

१ जानेवारी १९७८ ला सम्राट अशोक हे जंबो विमान वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारनं जे.आर.डी.ना अध्यक्षपदावरून दूर केलं. ही बातमीही त्यांना सरकारकडून सरळ कळली नाही. त्यांच्या जागी नेमलेल्या पी. सी. लाल यांच्याकडून कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्ष म्हणून नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हृदयाची तक्रार असताना, ते पुन्हा कराचीहून एकटे निघाले, या वेळी जुन्या लेपर्ड मॉथमधून. अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. तरुण पिढीची उमेद खचते आहे असं त्यांना वाटत होतं.

१९९२ मध्ये भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हाला ते गेले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यानंतरच्या तीस वर्षांत भारतात परवान्यांचा जुनाच खेळ पुन्हा रंगला. २००३ मध्ये एअर डेक्कननं साध्या माणसाला विमानात बसवलं, हे मोठंच काम. पण तीही किंगफिशरमध्ये विरघळली. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परतली, आणि तिच्यासोबत एअर इंडिया एक्सप्रेस ही स्वस्त तिकिटांची कंपनीही. जुहूच्या धावपट्टीवरून आता हेलिकॉप्टरं आणि लहान विमानं उडतात.