मूत्राशयात दिवा नेणारा शल्यविशारद

मूत्राशयात गाठ असल्याची शंका आली की शिरूर अथवा दौंड परिसरातील रुग्णाला बहुधा पुण्याला जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घेण्याचा सल्ला मिळतो. पोटावर छेद न घेता मूत्रमार्गातून आत जाणारी ही दुर्बीण आता तालुक्याच्या गावीही ऐकून माहीत झाली आहे. मात्र ती ज्यांच्या ध्यासातून आकाराला आली, त्या मॅक्स निट्झे यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात अजरामर असूनही सामान्य रुग्णापर्यंत पोहोचलेले नाही. गाठीची शस्त्रक्रिया चांगली व्हायची तर शल्यविशारदाला आधी गाठ नीट दिसली पाहिजे, या एकाच विचाराभोवती निट्झे यांचे सारे आयुष्य फिरत राहिले.

निट्झे यांचा जन्म १८ सप्टेंबर १८४८ रोजी बर्लिन येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते ड्रेस्डेनच्या रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा मूत्राशयाचे विकार हा अंधारातला प्रांत होता. लघवीतून रक्त जाऊ लागले तरी त्याचे मूळ मूत्रपिंडात आहे की मूत्राशयात, हे खात्रीने सांगता येत नसे. मूत्रमार्गातून धातूची सळई घालून चाचपणे, एवढेच वैद्याच्या हाती होते. खडा असला तर सळईला लागे. मऊ गाठ मात्र हाताला जाणवत नसे. फ्रँकफुर्टच्या बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडात शरीराच्या पोकळीत डोकावण्याचा प्रयत्न केला होता. पुढे पॅरिसच्या देसोर्मो यांनी दिव्याचा उपयोग केला. परंतु उजेड बाहेर आणि अंधार आत, अशीच ही सारी रचना होती. लांब, अरुंद नळीतून जाताजाता तो उजेड क्षीण होई आणि मूत्राशयाचा जेमतेम एक ठिपका दिसे.

निट्झे यांनी हा प्रश्न उलटा केला. खोली उजळायची तर दिवा खोलीतच न्यायला हवा, हे त्यांनी ओळखले. दुसरी अडचण दृष्टीच्या आवाक्याची होती. नळीत भिंगांची मालिका बसवली तर लहानशा छिद्रातूनही विस्तीर्ण भाग दिसू शकेल, असा उपाय त्यांनी योजला. उपकरणे घडविणारे कारागीर आणि भिंगे घासणारे तज्ज्ञ यांच्या मदतीने पहिले यंत्र तयार झाले. २ ऑक्टोबर १८७७ रोजी ड्रेस्डेन येथे वैद्यकीय मंडळींसमोर मृतदेहावर त्याचे प्रात्यक्षिक झाले. नळीच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने तापून शुभ्र प्रकाश देत असे, आणि ऊती भाजू नयेत म्हणून तिच्याभोवती गार पाणी खेळवावे लागे.

यंत्रात सुधारणा करण्यासाठी निट्झे व्हिएन्नाला गेले. तेथील विख्यात उपकरण-निर्माते जोसेफ लाइटर यांच्या सहकार्याने सुधारलेली दुर्बीण १८७९ च्या मे महिन्यात तेथील वैद्यकसभेपुढे ठेवण्यात आली. पुढे शोधाच्या श्रेयावरून दोघांत वितुष्ट आले आणि निट्झे बर्लिनला परतले. त्याच सुमारास एडिसन यांचा विजेचा दिवा जगापुढे आला. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची इवलीशी आवृत्ती दुर्बिणीच्या टोकावर बसली आणि पाण्याच्या नळ्यांचे लोढणे सुटले. अवघड वाटणारी तपासणी त्यामुळे रोजच्या व्यवहारात आली.

दिसू लागले, तरी निट्झे तेथे थांबले नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी या तपासणीवर पाठ्यपुस्तक लिहिले. १८९४ मध्ये मूत्राशयाच्या आतील छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. एका वैद्याने पाहिलेले दुसऱ्याला दाखविता येऊ लागले, निदान पडताळता येऊ लागले. याच दशकात त्यांनी शस्त्रक्रियेची दुर्बीणही घडविली. तिच्यातील तारेच्या फासात गाठ पकडून तप्त तारेने ती कापता व जाळता येत असे. तोवर गाठ काढायची तर ओटीपोट उघडावे लागे आणि अनेकदा जिवावर बेते. निट्झे यांनी शंभराहून अधिक रुग्णांवर या नव्या मार्गाने उपचार केले. २३ फेब्रुवारी १९०६ रोजी वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी उघडलेल्या वाटेवरून इतर पुढे गेले. न्यूयॉर्कचे एडविन बीअर यांनी १९१० मध्ये उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह दुर्बिणीतून नेऊन गाठी जाळल्या. १९२६ मध्ये स्टर्न यांनी, आणि पुढे मॅकार्थी यांनी, विजेच्या वर्तुळाकार तारेने गाठ खरवडून काढणारे यंत्र सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांनी प्रतिमा कमालीची स्वच्छ झाली.

आज यंत्रे उत्तम आहेत. कसोटी आहे ती कामाच्या दर्जाची. गाठ संपूर्ण निघाली का, काढलेल्या तुकड्यात मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायूचा थर आला का, यावर पुढचे सारे अवलंबून असते. स्नायू तपासला गेला नाही तर कर्करोग किती खोल गेला आहे हे कळत नाही. आक्रमक स्वरूपाच्या गाठीत दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून उरलेले अवशेष शोधले जातात. योग्य रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मूत्राशयात औषध सोडल्यास गाठ परतण्याचे प्रमाण घटते. पहिली फेरतपासणी तिसऱ्या महिन्यात व्हावी लागते, कारण ही व्याधी पुन्हापुन्हा उद्भवणारी आहे.

नेमकी येथेच ग्रामीण रुग्णाची परीक्षा असते. शिरूर किंवा दौंडहून पुण्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, शेतीची कामे खोळंबतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबले की बरे वाटते आणि फेरतपासणी टळते. त्यातच वेदना नसताना लघवीतून गेलेले रक्त उष्णतेवर ढकलण्याची सवय जुनी आहे. विडी-सिगारेटचा धूर हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. फ्रँकफुर्टचे शल्यविशारद रेन यांनी १८९५ मध्ये रंगकारखान्यातील कामगारांत तो नोंदविला होता. म्हणून रसायनांशी रोज संबंध येणाऱ्या कामगारांनीही हे लक्षण हलके मानू नये.

निट्झे यांनी मूत्राशयातला अंधार दूर केला. मात्र तो दिवा वेळेवर आणि पुन्हापुन्हा आत गेला, तरच रुग्णाला त्याचा लाभ होतो. तालुक्याच्या रुग्णालयांतून रुग्णांना फेरतपासणीची आठवण करून देणारी पक्की व्यवस्था उभी राहिली, तर या शल्यविशारदाच्या श्रमांचे खरे चीज होईल.