शाळाच पोरांकडे गेली

अंगणवाडीची पाटी माझ्या महागाव तालुक्यात गावोगावी दिसते. हा शब्द ज्यांच्या कामातून आला त्या ताराबाई मोडक काही काळ आपल्या विदर्भातच, अमरावतीला होत्या.

त्या माहेरच्या केळकर. जन्म १८९२, मुंबई. १९१४ ला बी.ए. झाल्या. वकील नवऱ्याबरोबर अमरावतीला संसार मांडला, पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट, पदरात लहान मुलगी. त्या काळी हे केवढं मोठं धाडस! पुढे राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ती खुर्ची सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि माँटेसरी पद्धतीत रमल्या. म्हणजे मूल हाताने करतं, चाचपतं, चुकतं आणि शिकतं; बाईंनी मध्ये मध्ये करायचं नाही.

पण माँटेसरीची साधनं महाग, म्हणून ही शाळा शहरातल्या पैसेवाल्यांचीच राहायची. ताराबाईंना हे खटकत होतं. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ. बालवाडी तर उघडली, पण वस्तीवरची गरीब पोरं येईनात! आपल्याकडे अशा वेळी पोरांच्या नावाने खडे फोडतात आणि हजेरीपटावर लाल शाई मारतात. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. साधनं कुठली? बिया, खडे, पानं, शंख-शिंपले. मोजा, जुळवा, रचा. खर्च जवळजवळ शून्य. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर लोकल मटेरियल!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं दिवसभर गुरांमागे. शाळेत बसली तर गुरं कोण राखणार? घरच्यांचा प्रश्न पोटाचा होता, त्याला उपदेशाने उत्तर मिळत नाही. मग शिक्षकच कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि झाडाखाली वर्ग चाललाय. ही कुरणशाळा. मला तर ताराबाईंच्या सगळ्या कामात हीच सगळ्यात भारी वाटते. शाळेची वेळ, जागा, फळा, सगळं सोडलं; पण मूल सोडलं नाही.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या त्या अंगणातलं नाव देशभर गेलं.